म्हाताऱ्या झाडाचं प्रकरण

तारकाकूंच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्यांच्या मागे तांब्याची तार गुंडाळलेली असायची. दागिना म्हणून नव्हे. गच्चीवर एखादी फांदी वाकवायची झाली की त्या मनगटावरची तार उलगडत, हवी तेवढी तोडत आणि उरलेली परत हातावर चढवत. लग्नाकार्यातही ती तार उतरत नसे. एकदा आमच्याच इमारतीतल्या मुलीच्या हळदीला कोणीतरी त्यांना विचारलं, "काकू, ही तार सांधेदुखीसाठी का हो?" काकू म्हणाल्या, "नाय गो, चिंचेसाठी."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन मी डोंबिवलीला आले आणि एका शाळेत शिकवू लागले. काकूंचं दार आमच्या दारासमोर. त्यांचे यजमान एमआयडीसीत मोटार वाइंडिंगचं काम करत. जळक्या मोटारींतून निघालेली तार ते घरी आणत आणि रविवारी गच्चीत शेगडी पेटवून तिच्यावरचं वार्निश जाळत. तार लाल होईपर्यंत तापवून गार केली की ती दोऱ्यासारखी मऊ पडते, हे मला त्यांनीच दाखवलं. "लोकांच्या बायका सोनं मागतात," ते म्हणत. काकू शेगडीला वारा घालत म्हणत, "सोनं वाकंल, पन फांदी धरून ठेवनार नाय."

काकू ठाण्याजवळच्या कोलशेतच्या. वडील मिठागरावर होते. घरामागे विहीर होती आणि तिच्या कठड्यात एक वड उगवलेला होता. पुढे ती जागा कारखान्यासाठी गेली आणि विहीर बुजवायला माणसं आली. तेव्हा लग्न होऊन डोंबिवलीत आलेल्या काकू सकाळीच तिथे पोचल्या आणि वीतभर रोप कठड्यातून उपटून डालड्याच्या डब्यात घालून घेऊन आल्या. माहेरचं तेवढंच उरलं होतं. ते रोप त्यांना वाढवायचं होतं, पण वड लावायला जमीन कुठून आणणार? म्हणून मग तो लहान ठेवायचा, एवढंच त्यांना सुचलं होतं. कसा ठेवायचा ते माहीत नव्हतं.

ते त्यांना एका पुस्तकाने शिकवलं. ठाण्याच्या एका प्रदर्शनात त्या लोणच्याची बरणी घ्यायला गेल्या आणि बरणीच्या पैशांत बोन्सायचं एक मराठी पुस्तक घेऊन आल्या. पातळसं, पिवळट कागदाचं, आत शाईने काढलेली चित्रं. लिहिणारे गृहस्थ शेतकी खात्यातले. त्यांनी वड, पिंपळ, उंबर, चिंच, अशी आपल्या दारातली झाडं आपल्याच हवेत वाढवून पाहिली होती आणि मगच लिहिलं होतं. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. पुस्तक त्या मोठ्याने वाचत, एखादं वाक्य पटलं की दोनदा वाचत आणि मग उठून झाडाकडे जात. मी डोंबिवलीत आले तोवर त्या वडाला पारंब्या फुटल्या होत्या आणि पुस्तक बाजारातून केव्हाच नाहीसं झालं होतं.

पुस्तकाच्या बाबतीत त्यांचा कायदा कडक होता. "पुस्तक भायेर जानार नाय. वाचनारा आत येईल." खरोखरच माणसं आत येत. काकू चहा देत, पुस्तक देत आणि समोर बसून राहत. वर्तकनगरच्या एका हौशी बाईंनी त्यांना परदेशी छपाईचं एक जाडजूड, गुळगुळीत पुस्तक भेट दिलं. काकूंनी ते मांडीवर घेऊन पान न् पान पाहिलं. मी त्यातलं थोडंफार वाचून अर्थ सांगितला. शेवटी त्या म्हणाल्या, "झाडं देखनी हायेत. पन ही बर्फातली, बाय. माझा वड घामात वाढलाय." ते पुस्तकही त्यांनी जपून ठेवलं, पण कपाटात. मराठी पुस्तक स्वयंपाकघरात, हाताशी.

नव्वद साल उलटून गेल्यावरच्या एका उन्हाळ्यात वड बिघडला. आधी पानं पिवळी पडली, मग फांद्यांचे शेंडे सुकू लागले. पाणी घातलं की कुंडीच्या वरच्या वर वाहून जाई, आत मुरतच नसे. नर्सरीवाल्याने खत द्यायला सांगितलं. कोणी म्हणालं, सगळी मुळं छाटून नव्या मातीत लावा. काकूंचा मुलगा सुनील तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. त्याला लहानपणापासून बादल्या चढवाव्या लागल्यामुळे त्या गच्चीचा मनापासून कंटाळा. तो म्हणाला, "आई, झालं त्याचं. दुसरं लाव."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं. अनुक्रमणिकेत शेवटून दुसरं प्रकरण म्हाताऱ्या झाडांचं होतं. मी पानं उलटली, तर ते प्रकरणच नव्हतं. बांधताना चूक झाली होती. त्या जागी आधीच्याच पानांचा फर्मा दुसऱ्यांदा शिवलेला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पयल्या वर्षीच कळलं," काकू म्हणाल्या. "पन तवा झाड वीतभर होतं. म्हाताऱ्या झाडाचं मना काय काम? म्हटलं, लागंल तवा बघू." मग पुस्तक मिटत त्या म्हणाल्या, "आता लागलंय. चल, शोधू."

त्या मे महिन्यात माझी सुट्टी तारकाकूंनी घेतली. डोंबिवलीतली वाचनालयं झाली, रद्दीची दुकानं झाली. काकू दुकानदाराला पुस्तकाचं वर्णन हरवलेल्या नातेवाइकाचं करावं तसं करत. उंची एवढी, रंग असा, अंगावर वडाचं चित्र. पुस्तकावर प्रकाशकाचा ठाण्यातला पत्ता होता. तिथे गेलो तर व्हिडिओ कॅसेटचं दुकान. मी दारातूनच परत फिरत होते. काकू आत गेल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. मालक कंटाळून म्हणाला, "काकी, इथले छापखानेवाले कधीच गेले. ते झाडांवाले साहेब मात्र अधूनमधून इथून जातात. वर्तकनगरला राहतात." काकूंनी वळून दारातल्या माझ्याकडे पाहिलं आणि स्टुलावरून उठल्या.

साहेब घरीच होते. पंचाहत्तरीचे असावेत. थकलेले, पण बोलणं स्वच्छ. काकूंनी पुढे केलेली आपल्या पुस्तकाची प्रत त्यांनी दोन्ही हातांत घेतली आणि म्हणाले, "माझ्याकडे एकही राहिली नाही हो. लोक वाचायला म्हणून घेऊन गेले."

"मी कोनाला देत नाय," काकू म्हणाल्या.

"शहाण्या आहात."

काकूंनी वडाची सगळी लक्षणं सांगितली आणि ते प्रकरण तोंडी सांगण्याची विनंती केली. साहेबांनी प्रत मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बाई, ते लिहिलं तेव्हा मी रोज झाडांत होतो. प्रत्येक वाक्य करून पाहिलेलं होतं. आता सांगेन ते आठवेल तसं सांगेन. मुळं अर्धी काढायची एवढं आठवतं. पण किती, कधी, कोणती आधी, हे अंदाजाने सांगणार नाही. अंदाजाने म्हातारं झाड कापू नये." मला वाटलं, काकू खचतील. पण त्यांचा चेहरा उजळला. जिन्यावरून उतरताना त्या म्हणाल्या, "बघ, मानूस खरा हाय. म्हंजे पुस्तक पन खरंच असनार." साहेबांनी निघताना एक धागा दिला होता. पुस्तकातली चित्रं कल्याणच्या एका चित्रकलेच्या मास्तरांनी काढली होती. त्यांच्याकडे प्रत असेल, असली तर.

मास्तर वारले होते. घरात त्यांची सून होती. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली कोरी करकरीत प्रत घेऊन आली. म्हातारं झाड त्यात होतं. सबंध प्रकरण, मुळांच्या चित्रांसकट. काकूंनी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "मावशी, रागावू नका, पण मी हे बाहेर देत नाही. मामंजींची छापलेली चित्रं एवढीच आहेत आमच्याकडे."

मला हसू आवरेना. काकू मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "नकोच देऊ. मी बी देत नाय. तू पुस्तक धर, आमी तुझ्यासंगती येतो." आणि आम्ही तिघी स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. वीज गेलेली होती. उन्हात दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही वीज येण्याची वाट पाहिली. तोवर काकूंनी त्या सुनेच्या मांडीवरचं पुस्तक तिच्याच हातून उघडवून प्रकरण वाचून घेतलं. पुस्तकाने सांगितलं होतं ते असं. खचलेल्या झाडाला खत घालू नये. पाऊस नीट लागल्यावर मुळांच्या गोळ्याची एकच बाजू मोकळी करावी, दुसरीला हात लावू नये. झाड अर्ध्या अंगावर जगतं आणि अर्ध्या अंगाने नवं होतं. दुसरी बाजू झाड सावरल्यावर, पुढच्या पावसाळ्यात, आणि तेव्हाही सावरलं नसेल तर त्याच्या पुढच्या. कापायची रेघ कुठून काढायची ते मास्तरांनी चित्रात ठिपक्यांनी दाखवलं होतं. वीज आली तेव्हा काकूंनी दुकानदाराला ते चित्र ठिपके उमटेपर्यंत पुन्हा काढायला लावलं.

जुलैत त्यांनी वड कुंडीतून काढला. मुळांची अक्षरशः वीट झालेली होती. काका म्हणाले, "एवढं कापतेसच तर सगळं काप, एकदाच होऊन जाऊ दे." काकू म्हणाल्या, "एकच बाजू." कापताना त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. आठवड्याभरात झाडाची उरलीसुरली पानंही गळाली. पारंब्या काड्यांसारख्या लोंबू लागल्या. सुनीलने पुन्हा, या वेळी जरा हळू आवाजात, सांगून पाहिलं. काकूंनी गच्चीवर बारदानाचा आडोसा केला आणि रोज सकाळी जाऊन नुसतं पाहून यायला सुरुवात केली. माती बोटाने चाचपत, ओली असेल तर पाणी घालत नसत. "खत टाकायला हात शिवशिवतो गो," त्या मला म्हणाल्या. "पन लिहिलंय ना, नाय म्हनून."

गणपती झाले, नवरात्र आलं, आणि कापलेल्या बाजूच्या वरच लालसर कोंब दिसले. सगळं झाड मात्र परतलं नाही. एक मोठी फांदी गेली ती गेलीच. वड एका अंगाला झुकल्यासारखा दिसू लागला. प्रदर्शनात मांडण्याजोगा तो राहिला नाही, असं वर्तकनगरच्या बाई हळहळून म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "परदर्शनात कशाला? घरात हाय ना." दुसरी बाजू त्यांनी पुढच्या पावसाळ्यात कापली नाही. झाड तयार नव्हतं. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात कापली.

मग त्यांच्या डोक्यात दुसरंच काम शिरलं. आपल्या प्रतीतली पानं आणि कल्याणचं प्रकरण जोडून त्यांनी पुरं पुस्तक झेरॉक्स करून घेतलं. आधी साहेबांकडे जाऊन रीतसर विचारून आल्या. पहिली प्रत त्यांनाच दिली. साहेबांनी चष्मा लावून मधलंच एक पान शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "हे मला आता लिहिता आलं नसतं." त्यानंतर काकूंकडून जो रोप नेई त्याला पुस्तकही न्यावं लागे. नुसतं झाड त्या देत नसत. एका कॉलेजातल्या मुलीने म्हटलं, "काकू, काही अडलं तर तुम्हालाच विचारीन ना." काकू म्हणाल्या, "झाडाला वीस वर्षांनी अडंल. तवा मी कुठं आसन?"

तेवढी वर्षं त्यांना खरंच मिळाली नाहीत. सत्त्याण्णवच्या सुमारास थोड्याशा आजाराने त्या गेल्या. काका तोवर थकले होते. गच्चीवरची झाडं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेली. वड माझ्याकडे येईल असं मी मनाशी धरून चालले होते, खिडकीतली जागाही मोकळी केली होती. पण सुनील म्हणाला, "वहिनी, तो मी नेतो." तो तेव्हा दिवा स्टेशनजवळ राहायला गेला होता. एक खोली, लहान मूल, आणि पाणी दिवसाआड, तेही भांडून. माझ्या ओठांवर आलं होतं की अरे, तुला जमणार नाही. मी मान हलवली, पण जमेल असं मला वाटत नव्हतं.

पुढच्या जुलैत मी त्याच्याकडे गेले. दार उघडंच होतं. बाहेरच्या चिंचोळ्या गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून सुनील बसला होता. समोर कुंडीबाहेर काढलेला वड, बाजूला झेरॉक्सचं पुस्तक उघडं, पानं उडू नयेत म्हणून त्यावर वरवंटा. बायको आत तांदूळ धूत होती आणि ते पाणी झाडासाठी बादलीत जमवत होती. झाड मला चांगलं दिसलं. म्हणून मी काळजीपोटी म्हटलं, "सुनील, बरं चाललंय तर कशाला हात लावतोस? राहू दे यंदा."

"नाही, वहिनी. पाणी वरून वाहायला लागलंय. इथे लिहिलंय, पाणी मुरेना झालं की वाट बघू नका." त्याने ओळीवर बोट ठेवून मला ती वाचायला लावली. मग जरा हसला. "आई हेच सांगायची, तेव्हा डोकं उठायचं. या साहेबांचं पटतं. ओरडत नाहीत."

त्याने खोड माझ्या हातात दिलं. "घट्ट धरा. कापताना हलता कामा नये." मी पायरीवर बसून त्या झुकलेल्या वडाला दोन्ही हातांनी धरलं. सुनीलने पुस्तकातल्या चित्रातले ठिपके पाहिले, मुळांवर अंगठ्याने रेघ ओढली, पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं, आणि कापायला सुरुवात केली. एकच बाजू.