उघड्या गाडीच्या सीटा आणि माझे घरी जाणे

मी, गोविंद रामा पांचाळ, वय त्रेसष्ट, शिक्षण इयत्ता चौथी, कुवेतमधील सुलैबिया येथील गॅरेजात सीट शिवणारा मुख्य कारागीर, या व्हॉट्सॲप समूहातील सर्वांस आजची हकिगत कळवितो.

एका कुवेती गृहस्थांनी सुटे भाग जोडून स्वतः बिनछताची गाडी बनविली. त्यांना सीटांना चामडे हवे होते. उन्हात ते तडकेल, असे सांगून मी होडीच्या सीटांचे रेक्झिन आणि पाणी निथळणारा फोम निवडला. या कामानंतर मला कायमचे गावी सोडण्याचे मालकांनी कबूल केले होते.

आज मी सीटवर बादलीभर पाणी ओतले आणि फडक्याने पुसले. गृहस्थ पांढऱ्या दिशदाशात, म्हणजे लांब अरबी झग्यात, बसले व कोरडे उठले. खूश होऊन त्यांनी मित्रांच्या चार गाड्यांचे काम दिले.

मालक म्हणाले, "चाचा, बस चार और. फिर पक्का." व्हिसा रद्द करून गावी जायचे तर कागदावर सही त्यांचीच लागते. मी मान डोलावली.

पत्नीला फोन केला. ती म्हणाली, "एकदा तरी वाईट शिवायचं होतं तुम्ही."

मंडळी, आपल्याला ते जमले असते काय?

समक्ष हजर: मालक, सदर गृहस्थ, आणि फोनवर माझी पत्नी सुमन, जिने माझ्या येण्याची पुढची तारीख विचारली नाही.