सीटच्या बाजूची जाळी

माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं गाडीवरून बिनसलं. तीन वर्षं झाली. अजूनही समोर आला की माझे दात आपोआप आवळले जातात.

भिलाईजवळ जामुलला त्याचं गॅरेज आहे. वडील गेल्यानंतर आमच्या घरात मिक्सरपासून माझ्या स्कूटीपर्यंत प्रत्येक वस्तू त्याच्या मर्जीनं आली. मी उतईच्या शाळेत विज्ञान शिकवते, भिलाईहून रोज जाऊन-येऊन. ही हायब्रिड गाडी मात्र मी त्याला न विचारता घेतली. रायपूरच्या एका डॉक्टरांनी वापरलेली, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. दारात उभी केली तेव्हा भावानं टायरला हलकीशी लाथ मारली आणि आईकडे बघत म्हणाला, "ही गाडी नाही, मोबाईल आहे. बॅटरी गेली का फेकून द्या."

चार वर्षं ती गेली नाही. गाडीत पेट्रोलचं इंजिन आहे आणि सोबत बॅटरीवर चालणारी मोटर. ब्रेक दाबला की बॅटरी भरते. भिलाईतल्या पॉवर हाऊस भागाच्या बाजारात गर्दीतून गाडी हळूहळू सरकते तेव्हा इंजिन चक्क झोपलेलं असतं. लिटरला बावीस-तेवीसचं मायलेज मिळायचं, आणि तेही गर्दीत जास्त, मोकळ्या रस्त्यावर कमी. हे भावाला कधी पटलं नाही. "मीटर झूठ बोलून राहिला," म्हणायचा. मीही कमी नव्हते. दर रविवारी तो घरी जेवायला आला की मी मुद्दाम मायलेजचा विषय काढायची. त्याचा घास अडायचा आणि मला बरं वाटायचं.

गाडीनं दोन लाख ओलांडले त्या दिवाळीत त्यानं मला सीट कव्हरं दिली. जाड, मरून रंगाची, खालपर्यंत घट्ट बसणारी. त्यानं स्वतः गॅरेजमध्ये चढवली. आई हरखली. मला वाटलं, हरला बिचारा.

होळीनंतर मायलेज उतरायला लागलं. अठरा, मग सोळा. मागच्या सीटजवळून पंख्याचा आवाज यायचा, कूलर जोरात लावल्यासारखा. मी भावाला सांगितलं. त्यानं गाडी बघितलीसुद्धा नाही. "म्हातारी झाली ते. बॅटरी बसून राहिली. मी तुले पहिलेच सांगतलं होतं." म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी विसरू शकत नाही.

मे महिन्यात उतईच्या रस्त्यावर गाडी थांबली. भर दुपार होती आणि मागे आई बसलेली. पाटणला मावशीला भेटून आम्ही परतत होतो. समोरच्या काचेखाली धोक्याचा लाल त्रिकोण पेटला, एसी बंद पडला, गाडी पुढे सरकेना. आईला उमासे यायला लागले. एका सायकलवाल्यानं तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मी भावाला फोन केला. दुसरं कुणी नव्हतंच.

तो बंद गाडी ओढून नेणारी टोचनची गाडी घेऊन आला. आईला आपल्या गाडीत बसवलं आणि रस्त्यावर जमलेल्या पाच-सहा माणसांसमोर माझ्यावर ओरडला, "मायले मारून टाकतं का तू? तुह्या हट्टापायी?"

माझ्यामुळे आई उन्हात तडफडली होती, त्यावर काय बोलणार.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. बॅटरी खल्लास, एक भंगारवाला बघून ठेवलाय, शनिवारी गाडी नेईल. तुझं सामान काढून घे.

मी गॅरेजवर गेले. भाऊ बाहेर कुणाशी तरी बोलत होता. डिकीतून छत्री आणि वह्या काढल्या, पुढच्या कप्प्यातून कागदपत्रं काढताना गाडीचं पुस्तक हाती आलं. इतक्या वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. विज्ञानाची शिक्षिका, आणि पुस्तक उघडलं नव्हतं. बॅटरीच्या पानावर एक चित्र होतं: मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी, तिथून बॅटरीला थंड हवा जाते, आणि तिच्यावर काहीही ठेवू नये अशी सूचना.

मी मागच्या सीटकडे वळले. तिथे जाळी दिसत नव्हती, मरून कव्हर होतं.

गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडून मी ब्लेड मागून घेतलं आणि कव्हर कापलं. आत जाळी धुळीनं बुजलेली, वर घोंगडीसारखा जाड थर. मिस्त्रींनी पंखा काढून ब्रशनं साफ केला, मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. बॅटरी तापल्याची नोंद होती, खराब झाल्याची नव्हती. त्यांनी ती नोंद पुसली. गाडी चालू झाली, लाल त्रिकोण न पेटता.

भाऊ आत आला.

"स्कॅनर लावला होता का तू?" मी विचारलं.

"मले नको शिकवू. तीस साल झाले गाड्या खोलून राहिलो."

"मी विचारून राहिली, लावला होता का?"

तो मिस्त्रींकडे बघू लागला. मिस्त्री हात पुसत बाहेर निघून गेले.

"जाळी तू झाकली. तुह्या कव्हरनं. आई त्या उन्हात तुह्यामुळं होती, माह्यामुळं नाही."

"मले काय माहीत तिथं जाळी असते?"

"मग माहीत नाही म्हणायचं होतं. बॅटरी खल्लास कावून म्हटलं?"

मी कापलेलं कव्हर त्याच्या पायांजवळ टाकलं आणि गाडी घेऊन निघाले. त्या रविवारी तो जेवायला आला नाही. आता आई त्याच्या घरी जाते, रिक्षानं. मी सोडते म्हटलं तर नको म्हणते.

मायलेज एकवीसवर परत आलं. पुढे दीड वर्ष ती नीट पळाली. आणि मग अडीच लाखांच्या आसपास बॅटरी खरोखरच कमजोर झाली. या वेळी जाळी स्वच्छ होती. मी तीन वेळा तपासली.

भिलाईत किंवा शेजारच्या दुर्गमध्ये दाखवली असती तर जामुलला भावापर्यंत बातमी गेलीच असती. मी आईला सांगितलं, शाळेचं ट्रेनिंग आहे, आणि गाडी हळूहळू हाकत नागपूरला नेली. घाटात इंजिन असं रडत होतं की मागचे ट्रकवाले हॉर्न देऊन शिव्या घालत होते. नागपूरच्या माणसानं बॅटरी उघडून आतले निकामी भाग बदलले आणि म्हणाला, "मॅडम, बाकी इंजिन, गिअर एकदम ठीक आहे. पण बॅटरीचं आता सांगता येत नाही. कदाचित पाच वर्षं, कदाचित एक."

दोन दिवस मी लॉजवर राहिले. आईचा फोन आला की ट्रेनिंगबद्दल खोटं खोटं सांगत होते. कशासाठी, हे मला ठाऊक होतं. भावाचं म्हणणं एका अर्थानं खरं ठरलं होतं आणि ते त्याच्या कानावर जाऊ देणं मला शक्य नव्हतं.

त्यालाही आता दीड वर्ष होत आलं. परवा आई भावाकडून आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "विचारत होता तो. गाडी चालते का म्हणे अजून."

"तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगू? मले कोण काय सांगते?"

"चालते म्हणून सांग," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.