निघायच्या आधी पाजलेलं तेल

आमच्या वाडीतलं जुनं डिझेल इंजिन तेल पीत नसे, ढोसत असे. वाशीमच्या कडेला आमची भाजीपाल्याची वाडी. वांगी, मेथी, टमाटे आणि सांबार, म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर. त्या सगळ्याला विहिरीचं पाणी मिळायचं ते या इंजिनाच्या जिवावर. बाबा रोज सकाळी त्याचं हँडल फिरवण्याआधी झाकण उघडायचे, डब्यातलं थोडं तेल आत सोडायचे, खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाने झाकण पुसायचे आणि मगच त्याला कामाला लावायचे. "इंजिनले उपाशी जुंपू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई म्हणायची, "मले कधी इचारलं का, तू जेवली का म्हणून?"

पुढे विजेचा पंप आला. इंजिन ताडपत्रीखाली गेलं आणि बाबांच्या हाताला सकाळचं ते काम उरलं नाही. मग मी गाडी घेतली. मी वाशीमला कोर्टात कारकून आहे. गाडी दुसऱ्याच्या हातची, डिझेलवर चालणारी, पण माझी. रविवारी वाडीवर गेले की बाबा आधी गाडीकडे जायचे, मग माझ्याकडे वळायचे. बोनेटवर तळवा ठेवून म्हणायचे, "तापली वं. लय पळवतं तू." डिक्कीत भाजी ठेवायची तर त्यांनीच. मी जुडी उचलली तरी ओरडायचे, "तुले नाही जमत, सांबार चेंदाडशीन!"

आता मुद्द्याचं. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, किन्हीराजाला असते. बाबांनी तिची भाऊबीज कधी चुकवली नव्हती. एका वर्षी मात्र गुडघ्यांनी दगा दिला, बसची पायरी चढवेना आणि त्यांचं जाणं राहिलं. त्या रात्री आत्याचा फोन आला. ती रडली नाही, ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "भाऊ असून म्या चंद्राले ओवाळलं रे." ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. बाबा पुढचे कितीतरी दिवस ते वाक्य वाडीतल्या वाफ्यांना ऐकवत फिरत होते. म्हणून मागच्या दिवाळीला मी म्हटलं, "बाबा, यंदा मी नेते तुमाले गाडीनं. चंद्राची सुट्टी!"

दिवाळीच्या तोंडावर गाडी सर्व्हिसिंगला टाकली. नाक्यावरचा मिस्त्री ओळखीचा, वयाने माझ्याहून बराच लहान, तोंडाने माझ्याएवढाच. तेलाचा मोठा कॅन स्वस्त पडतो म्हणून मी मोठाच घेतला होता. त्याने मापाने तेल भरलं आणि उरलेलं कॅनसकट डिक्कीत ठेवलं.

भाऊबीजेच्या सकाळी वाडीवर पोचले. आईने चहा टाकला. बाबा नवं धोतर नेसून, टोपी घालून केव्हाचे तयार. "डिक्की उघडी ठेव, भाजी ठेवतो," म्हणाले. मी आत गेले, आईशी गप्पा मारल्या, करंजी खाल्ली. बाहेर आले तेव्हा डिक्की बंद होती, बाबा पुढच्या सीटवर बसले होते आणि मांडीवर आत्यासाठी वांग्यांची पिशवी होती. चेहरा इतका खुशीत की मीच हसले.

मालेगाव यायच्या आधी मागे धूर दिसला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. ट्रक वळून गेला तरी धूर आमच्याच मागे. निळसर, पांढरा, आणि जळक्या तेलाचा वास. इंजिन घोगरं बोलायला लागलं. कडुनिंबाखाली गाडी उभी केली आणि मिस्त्रीला फोन लावला. तो अनसिंगला बहिणीकडे गेला होता. म्हणाला, "बंद करा आधी. तेलाची पट्टी काढून पाहा." पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर. "आता चालूच करू नका तायी," तो म्हणाला, "इतकं तेल झालं की आत फेस होते. इंजिन बसते."

मग माझं डोकं सटकलं. राग आला की माझी भाषा कोर्टातली राहत नाही, वाडीतली होते. भर रस्त्यावर, फोन स्पीकरवर टाकून मी त्याला धुतलं. "तुले माप समजते का नाही रे? डोळे कुठं ठेवले होते?" तो म्हणत होता, "तायी, म्या मापानंच टाकलं, आईशप्पथ!" मी कुठली ऐकते! "ज्यानं हे तेल ओतलं ना, त्याच्या हातात पाना सोड, लाटणंही देऊ नये. असा माणूस परत माझ्या गाडीले हात लावताना दिसला तर मी हात कलम करीन!"

बाबा शेजारीच होते. काच खाली केलेली. पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून समोर बघत बसलेले. मला वाटलं, उशीर होतोय म्हणून गप्प आहेत. पुराव्याशिवाय बोलू नये, हे मी रोज कोर्टात ऐकते. कानांना सवय झाली, तोंडाला झाली नाही.

मिस्त्री पाटावरून उठून निघाला, पण अनसिंगहून यायचं म्हणजे वेळ लागणार. आत्या वाट पाहत असेल. मी एक काळीपिवळी जीप थांबवली, ड्रायव्हरला सांगून बाबांना पुढे बसवलं. गुडघा धरून ते चढले आणि पुन्हा वाकून म्हणाले, "बाई, त्या पोराले लय बोलू नोको. त्याची चुकी नसन."

"तुमी त्याची बाजू घेऊ नका बाबा! निघा, आत्या खोळंबली असंन."

काळीपिवळी गेली. बाबा काही बोलायचा प्रयत्न करत होते आणि मी त्यांना जीपमध्ये कोंबून दार लावलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

मिस्त्री आला तो नवा शर्ट, कपाळाला कुंकू, त्यात दोन अक्षता चिकटलेल्या. "तिकडे बहीण ओवाळून राह्यली होती, इकडे तुमी," म्हणाला. चांगलाच तापला होता. शर्ट काढून गाडीखाली शिरला, बोल्ट ढिला करून जास्तीचं तेल काढलं, एअर फिल्टरपर्यंत चढलेलं पुसलं, पुन्हा पट्टी पाहिली. गाडी सुरू केली तर थोडा धूर आला आणि मग आवाज साफ झाला. "वाचलं इंजिन. पन तायी, माया हातून इतकं गेलं असतं तर कॅनमंदी तेल कुठून उरलं असतं? पाहा ना तो."

तेवढं मला सुचलं नव्हतं. मी डिक्की उघडली. कॅन होता. रिकामा. झाकण घट्ट लावलेलं, अंग पुसलेलं, कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पोत्याच्या घड्या लावून उभा केलेला. रिकामं भांडंसुद्धा असं निगुतीने ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे.

मिस्त्रीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो एकदम मवाळ झाला. "काकाजी का?" इतकंच विचारलं. मी मान हलवली. त्याची माफी मागितली तर म्हणाला, "मले काय तायी, मी रोजच शिव्या खातो. त्यायले सांभाळा."

किन्हीराजाला पोचले तर बाबा आत्याच्या ओट्यावर एकटेच बसले होते. कपाळावर कुंकू होतं. म्हणजे ओवाळणं झालं, बरं वाटलं. आत गेले. आत्या चुलीपाशी होती. ताट झाकून ठेवलेलं.

"जेवला नाही तो," आत्या म्हणाली. "पाटावर बसला अन् मले म्हणते, बाई, आज मले ओवाळू नोको, म्या पोरीच्या गाडीचं वाटोळं केलं. दूर जायचं आहे, तेल कमी पडू नये म्हणून टाकलं, म्हणे. गपचूप टाकलं, पोरगी नाही म्हनंन म्हणून. अवं, म्या जबरदस्तीनं ओवाळलं त्याले. पन मान काही वर नाही केली त्यानं."

मागचं अख्खं वर्ष ती ज्या ओवाळण्याची वाट पाहत होती ते असं झालं. मी धावत बाहेर आले. काय काय बोलायचं ठरवलं होतं! पण माझं तोंड ते माझंच तोंड. निघालं काय, तर, "सांगायचं नाही का बाबा मले तेव्हाच?"

बाबा म्हणाले, "तू बोलून राह्यली होती ना."

मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, बाबा, गाडीला काही झालेलं नाही, वाचली, तुमच्यासाठी नव्हतं ते बोलणं, मला ठाऊकच नव्हतं. म्हटलं, चुकलं माझं. ते प्रत्येक वाक्याला "हाव", म्हणजे हो, म्हणत राहिले. कोर्टात साक्षीदार असं हाव हाव करायला लागला की आम्ही समजून जातो, हा आता काही ऐकत नाहीये. मग आत्याने ताट बाहेर आणलं आणि आम्ही तिघं जेवलो. वांगी फार छान झाली होती, असं मी म्हटलं.

तेव्हापासून बाबांनी माझ्या गाडीला हात लावलेला नाही. बसतात, पण दार मी उघडते तेव्हा. मी वाडीवर गेले की फाटकाशी उभे असतात, दोन्ही हात पाठीमागे बांधून. बोनेटवर तळवा नाही, "तापली वं" नाही. भाजी काढून पिशवीत भरून जमिनीवर ठेवलेली असते. "बाबा, डिक्की उघडी आहे," मी म्हणते. "तूच ठेव बाई," ते म्हणतात. मी उचलते, सांबार चेंदाडते, आणि ते बघत राहतात. मिस्त्रीने दोनदा निरोप धाडला, काकाजींना गॅरेजवर आणा, चहा पिऊ. नाही आले.

परवा सर्व्हिसिंग झाली तेव्हा मी मुद्दाम मोठा कॅन घेतला. उरलेलं तेल डिक्कीत ठेवलं आणि सरळ वाडीवर गेले. डिक्की उघडी टाकली, बोनेटही वर करून ठेवलं आणि आत जाऊन बसले. आईने एकदा चहा केला, तो प्याले, दुसऱ्यांदा करायला लावला, तोही प्याले. मनात म्हणत होते, ओता बाबा. सगळा कॅन ओता. बसू दे इंजिन, जळू दे मेलं, पण ओता.

बाहेर आले. बाबा फाटकाशी होते तिथेच होते, हात पाठीशी. मला पाहून घाईघाईने म्हणाले, "पाहून घे वं. म्या हात नाही लावला."