बंद गाडीचा नियम

माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली नाशिकहून चेन्नईला झाली आणि आम्ही वेलचेरीत भाड्यानं घर घेतलं. सामान अजून खोक्यांतच होतं, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई दारावरचं आडनाव वाचून आत आल्या.

"मराठी काय तुम्ही? मग मला का कोणी सांगितलं नाही?"

त्या कनकाबाई. पुढं माझ्या कनकाक्का झाल्या. त्यांचं घराणं तंजावरचं. कित्येक पिढ्या तिकडेच गेल्यामुळे त्यांची मराठी ऐकताना जुन्या पोथीतली वाटायची, हेल मात्र तमिळ. अंबत्तूरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं त्यांना वाघाला भ्यावं तशी भ्यायची. निवृत्त झाल्या तरी ती जरब गेली नव्हती. भाजीवालासुद्धा त्यांना कीड लागलेलं वांगं द्यायला धजत नसे.

त्यांचे यजमान तुकोजीराव अर्धांगाच्या झटक्यानं उजव्या बाजूनं लुळे पडले होते. डॉक्टरांनी हाताचे व्यायाम सांगितले, पण त्यांनी जिद्दच सोडली होती. तेव्हा संक्रांतीच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या पोंगलला, गल्लीतलं एक पांढुरकं पिल्लू जिना चढून वर आलं आणि त्यांच्या निर्जीव हाताखाली डोकं घालून बसलं. महिनाभरात तो हात कुत्र्याच्या मानेवरून फिरायला लागला. कुत्र्याचं नाव पडलं पोंगल.

मग कनकाक्कांना ध्यास लागला. एका लहान प्राणी-संस्थेत जाऊन त्यांनी पोंगलला रीतसर शिकवून घेतलं. माणसं कशीही धरोत, बिचकायचं नाही. रडणाऱ्याच्या जवळ जाऊन नुसतं बसायचं. मतिमंद मुलांच्या शाळेत, वृद्धाश्रमात त्या त्याला घेऊन जायच्या. एक मुलगी वर्षानुवर्षं कुणाशी बोलत नव्हती, तिनं पहिला शब्द उच्चारला तो "पोंगल". हे सांगताना कनकाक्का चक्क लाजायच्या.

२००३ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर शहराबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठानं त्यांना बोलावलं. परीक्षेच्या धास्तीनं वसतिगृहातली मुलं आजारी पडत होती. कुत्र्यांशी खेळून त्यांचा ताण हलका करावा, अशी कल्पना निघाली होती. विद्यार्थी कल्याण अधिकारी होते डॉ. कृष्णस्वामी. उंच, रुबाबदार, बोलण्यात साखर. कनकाक्कांनी विचारलं, "एका वेळी किती मुलं येणार? सावली कुठं आहे?" ते हसून म्हणाले, "मॅडम, कुत्र्यांशी तर खेळायचं आहे, त्याला नियम कशाला?"

कार्यक्रम झाला तो उघड्या मंचावर. फरशी तापलेली. नादस्वरम आणि मोठमोठे कर्णे. मुलांची झुंबड. पोंगल तरीही शांत उभा होता. मग वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. कृष्णस्वामींना पोंगलशी हात मिळवताना फोटो हवा होता. त्यांनी त्याचा पुढचा पाय धरला आणि कुत्रं मागं सरकलं तसा जोरात ओढला. पोंगलनं दात दाखवले. त्यांच्या मनगटावर एक ओरखडा उठला, इतकंच.

कृष्णस्वामींचा चेहरा बदलला. पाहुण्यांसमोर, मुलांसमोर त्यांची शोभा झाली होती. त्यांनी पहारेकऱ्याला हुकूम दिला, कुत्र्याला विद्यापीठाच्या गाडीत कोंडा आणि महापालिकेला फोन करा. पोंगलला सगळ्या लशी टोचल्या आहेत, कागद माझ्यापाशी आहेत, असं कनकाक्का परोपरीनं सांगत होत्या. त्यांनाच चौकशीसाठी कचेरीत नेऊन बसवलं. भुंकणं पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून गाडीच्या काचा वर केल्या होत्या. गाडी भर उन्हात उभी होती.

कचेरीतून सुटका झाल्यावर त्या धावत गेल्या, तेव्हा पोंगल सीटखाली पडलेला होता. जीभ काळीनिळी. काचांवर आतून लाळेचे डाग आणि नखांचे ओरखडे. त्यांनी त्याला पदरात घेऊन रिक्षा गाठली, पण डॉक्टरांपर्यंत तो पोचलाच नाही.

कनकाक्कांनी काही भरपाई मागितली नाही. आठवड्यानं त्या परत गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "चूक झाली, असं तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

कृष्णस्वामी फायलीतून मान वर न करता म्हणाले, "नाय दाने, मॅडम." कुत्रंच ना ते! एवढंच. शिवाय कार्यक्रमाच्या अहवालात आलं, की एक पिसाळलेलं कुत्रं आणल्यामुळे गडबड झाली. त्या एका शब्दामुळे शाळेचं आणि वृद्धाश्रमाचं दार कनकाक्कांना बंद झालं. तुकोजीरावांचा हात पुन्हा मांडीवर पडून राहायला लागला.

"अक्का, सोडून द्या आता," मी एकदा म्हटलं.

"का सोडू? मी काय संन्यास घेतलाय?" त्यांनी डोसा उलटला. "मी मरेन तेव्हा सुटेल ते. तोवर माझं आहे."

त्या सुडाचा विचार रडत, चिडत करत नसत. दारात कोलमची रांगोळी काढावी तशा रोज शांतपणे करत. कृष्णस्वामी कुठल्या समितीवर गेले, कोणत्या सभेत त्यांचा सत्कार झाला, सगळं त्यांना ठाऊक असायचं. दरम्यान त्यांनी त्या प्राणी-संस्थेत पुन्हा काम धरलं. नवी कुत्री शिकवली, नवी माणसं तयार केली. दोन-तीन वर्षांत संस्था त्यांच्याच सल्ल्यानं चालू लागली, शाळांची दारंही पुन्हा उघडली. लोकांना वाटलं, बाईंनी दुःखावर मात केली. मी मात्र पाहत होते. त्या पायऱ्या बांधत होत्या.

२००८ मध्ये त्याच विद्यापीठात नव्या कुलगुरू आल्या, डॉ. वसंता. मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी त्यांना खरी कळकळ होती. परीक्षेआधी प्राण्यांबरोबर कार्यक्रम करायचा असं त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीरच करून टाकलं, आणि मग कनकाक्कांच्या संस्थेला बोलावलं. जबाबदार अधिकारी अर्थातच डॉ. कृष्णस्वामी.

त्या बैठकीला कनकाक्का मला घेऊन गेल्या. कृष्णस्वामींनी त्यांना ओळखलं, आणि ओळख न दाखवता वणक्कम केलं.

"कार्यक्रम करू," कनकाक्का म्हणाल्या, "पण आधी नियम. आणि ते मी लिहीन."

वसंताबाई खूष झाल्या. अक्कांनी एकेक नियम वाचून दाखवला. एका जनावराजवळ एका वेळी चार-पाचच मुलं, तीही स्वतःहून आलेली. ज्यांना कुत्र्याची भीती किंवा ॲलर्जी आहे त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जनावर न्यायचं नाही. खाऊ द्यायचा नाही. कर्णा नाही, हार-शाल नाही, भाषण नाही. आधी आणि नंतर हात धुवायचे. फरशीवर तळहात उलटा ठेवून बघायचा, आपल्याला चटका बसला तर तिथं जनावर उभं करायचं नाही. जनावराला उठून जायची वाट कायम मोकळी हवी. सांभाळणाऱ्यानं हात वर केला की कुलगुरू बसलेल्या असल्या तरी सगळं थांबायचं.

प्रत्येक नियमाबरोबर कृष्णस्वामींची मान थोडी खाली जात होती. मला तो मंच दिसत होता. त्यांनाही दिसत असावा.

शेवटचा नियम अक्कांनी सावकाश वाचला. "जनावरांना विश्रांतीसाठी जिथं ठेवायचं ठरेल, तिथं आधी जबाबदार अधिकाऱ्यानं स्वतः बसून बघायचं. तसंच, तशीच दारं लावून."

"हे जरा..." कृष्णस्वामी म्हणाले, "याची काय आवश्यकता?"

वसंताबाई हसल्या. "मुकी जनावरं बसणार, मग आपण थोडा वेळ बसलो तर काय बिघडलं? मला आवडला हा नियम. करा मंजूर."

जिना उतरताना अक्कांनी माझा दंड घट्ट धरला होता. त्यांचे डोळे लखलखत होते. "मधू, तो सावलीची खोली देईल तर वाचेल. देतो की नाही, बघू."

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही पोचलो. मुलांसाठी ग्रंथालयाची थंड खोली होती, ती वसंताबाईंनी स्वतः निवडली होती. जनावरांच्या विश्रांतीची सोय कृष्णस्वामींकडे होती. झाडाखाली पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या. मोकळ्या मैदानात, रणरणत्या उन्हात, विद्यापीठाची पांढरी गाडी उभी केली होती.

म्हणजे पाच वर्षांत त्या माणसाला काहीही शिकायची गरज वाटली नव्हती. अक्कांच्या ओठांवर जे हसू आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहावंसं वाटत नाही.

"सर," त्या मुलांसमोर, कुलगुरूंसमोर म्हणाल्या, "नियम आहे. बसा."

कृष्णस्वामींनी इकडेतिकडे पाहिलं. वसंताबाई मान हलवत होत्या, मुलं गंमत बघायला गोळा झाली होती. ते हसत हसत, एखादं उद्घाटन करावं तसे, मागच्या सीटवर जाऊन बसले. अक्कांनी दार सरकवलं. ते दार आतून उघडत नसे. काचा वरच होत्या.

वसंताबाईंना आत पाहुण्यांकडे जावं लागलं. मुलंही थोड्या वेळानं कंटाळून सावलीत गेली. उरलो आम्ही दोघी. अक्का दाराच्या कडीवर हात ठेवून उभ्या होत्या. कडी इतकी तापली होती, की मी असते तर हात काढला असता.

आधी कृष्णस्वामींनी खिशातून रुमाल काढला. मग टाय सैल केला. मग काचेजवळ तोंड आणून खुणेनं विचारलं, झालं का? अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी काचेवर बोटांनी टकटक केली. मग मुठीनं. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, श्वास तोंडानं चालला होता. काचेवर त्यांच्या हाताचे ओले ठसे उमटले.

"अक्का, उघडा," मी म्हटलं.

"थांब गो."

"अक्का, माणूस आहे तो!"

"ठाऊक आहे मला."

त्या क्षणी मला त्यांची खरोखर भीती वाटली. कडीवरचा हात हलत नव्हता. आत कृष्णस्वामी ओरडत होते, आवाज मात्र मैदानापलीकडं जात नव्हता. मी अक्कांचा हात धरायला पुढं झाले, तेवढ्यात त्यांनी स्वतःच दार उघडलं.

ते अर्धे बाहेर कोसळले. पहारेकऱ्यानं पाणी आणलं. घटाघटा प्यायले, थोडं अंगावर सांडलं. मग मान वर करून अक्कांकडे पाहिलं.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो. मुद्दामच." अक्का त्यांच्या कानाशी वाकल्या. "तुम्हांला निदान दार वाजवता आलं."

त्यांनी ओल्या बाहीनं तोंड पुसलं. मग पुटपुटले, "मन्निच्चुडुंगो." माफ करा.

जो शब्द ऐकायला त्यांनी पाच वर्षं घालवली, तो ऐकून अक्का म्हणाल्या, "नाही." आणि पदर खोचून ग्रंथालयाकडं निघाल्या. कुत्री तिथल्याच एका गार व्हरांड्यात ठेवली गेली. कार्यक्रम उत्तम झाला. मुलं जमिनीवर लोळून हसत होती, एक मुलगा कुत्र्याच्या कुशीत तोंड घालून रडला. अक्का सगळं बघत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर तुकोजीरावांनी अडखळत विचारलं, "झा... झालं?"

"झालं. पण अजून थोडा वेळ ठेवायला हवा होता." आणि त्या हात धुवायला गेल्या. तळहातावर फोड आले होते.

कृष्णस्वामींनी कुणाकडे तक्रार केली नाही. केली असती तर पहिल्या कुत्र्याची गोष्ट निघाली असती. ती नंतर निघालीच, कारण अक्कांनी वसंताबाईंना जाऊन सगळं सांगितलं, स्वतः कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या तेही. जुन्या अहवालातला 'पिसाळलेलं' हा शब्द विद्यापीठानं लेखी मागे घेतला. कृष्णस्वामींकडून ते खातं गेलं. शेवटचा नियम काढून टाका, अशी विनंती वसंताबाईंनी केली. अक्कांनी ऐकलं नाही. काच खाली ठेवायची आणि सोबत एक माणूस उभा करायचा, एवढी भर मात्र घालू दिली.

पुढच्या वर्षीच्या अधिकारी नित्या नावाच्या तरुण बाई होत्या. त्या गाडीत बसल्या, लगेच उतरल्या आणि म्हणाल्या, "इथं कुणालाच ठेवायचं नाही." शहरातल्या दुसऱ्या महाविद्यालयांनी ते नियम मागून नेले. केवढी भूतदया या बाईंची, असं लोक म्हणू लागले.

"कसली दया?" अक्का मला म्हणाल्या. "त्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं मी एकेक वाक्य."

निवृत्तीनंतर कृष्णस्वामी वेलचेरीतच राहायला आले. आमच्या भाजीवाल्याकडे कधीकधी समोर यायचे, थकलेले, हातात पिशवी. अक्कांना बघून दोन्ही हात जोडायचे. अक्का टोपलीत वाकून वांगी निवडत राहायच्या. ते पैसे देऊन, रस्ता ओलांडून दिसेनासे झाले, की मग त्या सरळ उभ्या राहायच्या आणि भाजीवाल्याला म्हणायच्या, "कोथिंबीर ताजी आहे काय आज?"