गच्चीवरच्या मिरच्या

मैत्रिणींनो, आजच घडलं ते लिहिते.

मोबाईलवर मी रेसलिंगच्या कार्डांचा गेम खेळते. तिथं माझं नाव 'पहिलवान' आहे. फोटो नाही. बाई आहे, नागपूरची आहे, हे कोणालेच सांगितलं नाही. टीममधले सगळे मले 'भाऊ' म्हणतात.

आज दुपारी माझ्या भारी कार्डानं मॅच जिंकली. चॅटवर 'वा भाऊ, वा भाऊ' सुरू होतं. त्यातच एकानं लिहिलं, 'वहिनी, आभाळ आलं. गच्चीवरच्या मिरच्या उचला.'

भिवापूरच्या मिरच्या मी सकाळीच वर वाळू घातल्या होत्या. आमच्या गच्चीच्या चहूकडून खिडक्याच खिडक्या आहेत.

आता पाऊस पडून राहिला. मिरच्या भिजून राहिल्या. मी कडी लावून आत बसली आहे.

सांगा वं, तुम्ही वर गेल्या असत्या काय?