आत्यांना समुद्र बघायचा होता

गेल्या रविवारी आत्यांना समुद्र दाखवून आणला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या घरात सासूला आत्याच म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, आणि आमच्या मार्गासनी गावातून एसटीत बसलं की भोर यायच्या आत उलट्या सुरू...

अशी बाई आठवडाभर एकच धोशा लावून बसली. "मला समुंदर बघायचाय. तूच ने."

खरं सांगते, माझा जीव नुसता मेटाकुटीला आला होता. दिवाळीनंतर ह्यांना बाईकवर अपघात झाला, मांडीत रॉड घातलाय. तेव्हापासून ह्यांना उठवणं, बसवणं, ड्रेसिंग, गोठा, स्वयंपाक... सलग झोप म्हणजे काय ते विसरले होते. त्यात ही हौस! पण आत्यांनी परस्पर किकवीच्या नणंदेला ह्यांच्याजवळ थांबायला बोलावूनही घेतलं होतं. मग निघावंच लागलं.

उजाडताना आम्ही दोघीच आमची गाडी काढून निघालो. भोर, वरंधा घाट, महाड... घाटात आत्यांसाठी सारखं थांबावं लागलं. त्या लिंबू नाकाला लावून डोळे मिटून बसलेल्या, आणि मी मनातल्या मनात चिडत गाडी चालवत होते.

श्रीवर्धनच्या पुढे शेखाडीकडचा रस्ता लागला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र... काळ्या खडकांवर लाटा आपटत होत्या, पार रस्त्यापर्यंत तुषार येत होते. लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. मला मात्र काही म्हणजे काही वाटलं नाही. छान आहे एवढं कळत होतं, बस.

आणि एका वळणावर माझा डोळा लागला. क्षणभरच... गाडी समुद्राच्या बाजूला सरकली आणि आत्यांनी माझा दंड गच्च धरला.

"वैशाली! अगं ए पोरी!"

ब्रेक दाबला. कठडा अगदी जवळ होता. कशीबशी गाडी कडेला लावली आणि मला रडूच फुटलं.

"उतर. मागं चल," एवढंच त्या म्हणाल्या. मागच्या सीटवर त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, पदर डोळ्यांवर टाकला. पाच मिनिटं पडते म्हटलं...

जाग आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आत्या तशाच बसलेल्या. पाय बधिर झालेले, पाण्याची बाटली पुढे राहिलेली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं...

"आत्या, उठवायचं ना मला! तुमचा समुद्र राहिला की."

"मला कशाला बघायचाय समुंदर? येवढं पाणी बघून म्या काय करू?" माझ्या केसांतून हात फिरवत त्या म्हणाल्या. "माहेरी जा म्हणलं तर तू जात न्हाईस. घरात हाईस तवर आंग टाकत न्हाईस. म्हणलं, माझ्या हट्टापायी तरी भाईर पडशील..." मग कपाळावर हात मारून, "पर गाडी तुलाच चालवाया लागंल, ह्ये काय माझ्या टकुऱ्यात आलं न्हाई बघ!"

हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं.

मग त्यांना धरून खाली नेलं. खडकावर बसून आम्ही दोघींनी डब्यातली भाकरी-चटणी खाल्ली. परतीच्या घाटात त्यांना पुन्हा उलट्या झाल्या, आणि ह्या वेळी त्यांची पाठ चोळताना मला जराही राग आला नाही.

थकवा आजही आहे... ह्यांना चालायला अजून बरेच दिवस लागतील. पण मी दमलेय हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तरी ते आत्यांना दिसलं होतं. त्या एका गोष्टीवर माझे पुढचे कितीतरी दिवस निघतील.