खिडकीतला जीवखडा

बाबा गेल्यावर आमच्या सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात मोठा प्रश्न उभा राहिला तो एका लिंबाएवढ्या दगडाचा.

स्मशानात चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोकं पाडतात, तो जीवखडा. दहाव्यापर्यंत गेलेला माणूस त्या दगडात असतो असं मानायचं. दहाव्याला सगळ्यांनी त्यावर तेल घालायचं, तिळाचं पाणी सोडायचं आणि मग तो पाण्यात विसर्जित करायचा. तोवर मात्र त्याला घरात आणायचं नाही. गावाकडे तो झाडाच्या फांदीला बांधतात. आमच्या पाचव्या मजल्यावर झाड कुठलं? खाली सोसायटीत अशोकाची झाडं आहेत, पण तिथे बांधला असता तर कुणीतरी करणी केली म्हणून वॉचमनने तो त्याच दिवशी काढून फेकला असता. शेवटी मी तो पांढऱ्या फडक्यात बांधून खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवला. ग्रिल म्हणजे घर की बाहेर, यावर आई आणि मी बराच वेळ बोललो.

"ग्रिल बाहेर काढलं म्हणून सोसायटीची नोटीस आली होती ना?" आई म्हणाली. "मग बाहेरच ते."

त्या ग्रिलमध्ये एक ट्रे होता आणि ट्रेमध्ये माझे दगड होते. जीवखडाही मी तिथेच ठेवला. तेवढीच जागा कबुतरांनी बळकावलेली नव्हती.

मी वाशीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि मला जुन्या दगडी थडग्यांचा नाद आहे. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी आपल्या माणसांना दगडात कसं कसं ठेवलं, ते मी वाचते आणि सुट्टी मिळाली की बघायला जाते. तिथलं काही उचलायचं नसतं, म्हणून जवळच्या रस्त्यावरचा किंवा शेताच्या बांधावरचा एखादा खडा आणते. मैत्रिणी परदेशी गेल्या की त्यांनाही तेच सांगते. त्या चॉकलेटं आणतात आणि वर एक दगड. बाबा म्हणायचे, "मेलेल्यांची घरं बघत देशभर हिंडते, आणि जिवंत आत्याकडे यायला हिला वेळ नाही."

ती जिवंत आत्या दहाव्याच्या आदल्या दिवशी कोकणातून आली. आल्या आल्या रडली, मग चहा प्यायली आणि मग खिडकीकडे गेली. आत्याला घाण सहन होत नाही. मी आणि आई खाली दुकानात जाऊन आलो, तेवढ्यात तिने ग्रिल लखलखीत केलं होतं. ट्रेमधले दगड भांड्यांच्या साबणाने घासून, पुसून ओळीने मांडले होते. फडकं दोरीवर वाळत होतं.

"वन्सं," आई दारातच थांबली, "त्या फडक्यात काय होतं?"

"दगडच होता की. कबुतरांनी काय करून ठेवलं होतं त्याच्यावर, शी!"

"अहो, तो जीवखडा होता!"

"जीवखडा झाडाला बांधतात गो!" आत्याचा आवाज चढला. "खिडकीत, तोही बाकीच्या धोंड्यांत ठेवलाय, हे मला काय स्वप्नात कळणार?"

आई सोफ्यावर बसली. "उद्या भलत्याच दगडावर तेल पडलं तर हे कुठे जातील? तिथेच ताटकळत बसतील. आयुष्यात बसची रांग सहन झाली नाही त्यांना." ती हसत नव्हती. बाबा नीट पुढे जावेत, एवढीच एक गोष्ट या सगळ्या दिवसांत तिने धरून ठेवली होती.

मी ट्रे मांडीवर घेतला. म्हटलं, एकेक वगळत जाऊ.

फिकट गुलाबी दगड कोरियाचा. तिथे चार लहान दगडांवर हत्तीएवढी शिळा ठेवतात, खाली माणूस.

"एवढी जड? त्याने उठू नये म्हणून?" आत्याने विचारलं.

"मोठा माणूस होता हे कळावं म्हणून."

चमचम करणारा दाणेदार दगड केरळच्या डोंगरातला. तिथे चार बाजूंना दगडी फळ्या आणि वर छप्पर, अशा खोल्या उभ्या आहेत. आत जेमतेम एक माणूस मावेल. चपटा करडा दगड स्कॉटलंडचा. तिथे नुसती रास असते, आणि जुनी रीत अशी की जाणाऱ्या-येणाऱ्याने तिच्यावर एकेक दगड टाकायचा. ही पद्धत आत्याला आवडली. "म्हणजे कुणी विसरत नाही," ती म्हणाली.

पिवळसर दगड मेघालयातला. "तिथे आपल्यासारखंच जाळतात," मी सांगितलं, "पण अस्थी कुळाच्या दगडी पेटीत ठेवतात. पुरुषाच्या अस्थी त्याच्या आईच्या कुळाकडे जातात, बायकोच्या नाही."

"म्हणजे हे वन्संकडे गेले असते?" आईने मान वर केली.

"मग न्यायला नको का म्हणाले मी?" आत्या म्हणाली. "माहेरचा माणूस माझा."

"पन्नास वर्षं सांभाळला कुणी?"

त्या दोघी खूप दिवसांनी नीट भांडत होत्या. मला बरं वाटलं. पण ट्रेमध्ये आता दोन दगड उरले होते. दोन्ही काळे, दोन्ही आकाराने लिंबाएवढे, दोन्हींच्या अंगावर बारीक खळगे. एक जीवखडा. दुसरा विदर्भातला. तिथे काळ्या धोंड्यांची मोठमोठी वर्तुळं आहेत आणि मध्ये लोखंडाच्या काळातली माणसं पुरलेली आहेत. कुणाबरोबर कुऱ्हाड, कुणाबरोबर घोडाही. दोन्ही दगड एकाच दख्खनचे. दोन-चार चरे असतील ते पाहून ठेवण्याइतकं लक्ष मी कुठल्याच दगडाकडे दिलं नव्हतं. काजळीचा वास उरला असेल म्हणून हुंगून पाहिलं. दोन्हींना लिंबाच्या साबणाचा वास येत होता.

आत्याने कौल लावायचा ठरवला. दोन्ही दगडांवर जास्वंदीची एकेक कळी ठेवली आणि आम्ही बघत बसलो. कळ्या हलल्या नाहीत.

"दादा पहिल्यापासून हट्टीच," आत्या पुटपुटली.

सकाळी आम्ही दोन्ही दगड घेऊन दिवाळे गावाजवळ खाडीकाठी गेलो. मी एकुलती एक, त्यामुळे क्रियेलाही मीच बसणार होते. गुरुजी माझ्यापेक्षा लहान होते. स्कूटर लावून आले, दर्भ-तीळ मांडले आणि म्हणाले, "दोन का आणलेत?"

मी सगळं सांगितलं. सांगताना माझे कान तापले.

"एकात वडील. दुसऱ्यात कोण?"

"माहीत नाही. खूप जुना कुणीतरी. खरं तर बांधावरचा खडा आहे, कुणीही नसेल."

"गोत्र?"

मी नकारार्थी मान हलवली.

"माहीत नसेल तर काश्यप म्हणतात," ते शांतपणे म्हणाले. "नाव नसलं तरी अडत नाही. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड असतो. दोन्ही दगडांवर दोघांच्याही नावाने पाणी सोडा. पोचवण्याचं काम तुमचं नाही, ताई."

आईने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

जगभरच्या लोकांनी माणूस दगडाखाली ठेवला, कारण दगड राहतो. आपण मुठीत मावेल असा दगड घेतो, त्यात माणूस ठेवतो आणि तोही सोडून देतो. मी हे पुस्तकात कुठे वाचलं नव्हतं. मांडी घालून बसल्यावर पायांना मुंग्या आल्या तेव्हा सुचलं.

माझं झाल्यावर आत्याने तेल घातलं, मग बाबांच्या मित्रांनी. शेवटी आई पुढे आली. तिने वाटीतलं तेल एका दगडावर घातलं, मग दुसऱ्यावर, मग परत पहिल्यावर. तेल खालच्या केळीच्या पानावर वाहायला लागलं.

"आई, पुरे," गुरुजी म्हणाले.

"थांबा हो," आई म्हणाली. "यातला एक कधीपासून कोरडा असेल कुणास ठाऊक. कुठला ते कळत नाही ना, मग दोघांनाही पोटभर घालते."